तबकडीखालचं नाव

ताम्पेरे, ५ नोव्हेंबर २०२३

प्रिय हेल्का,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी बरी आहे. गुडघा तसाच आहे, जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो. इथे कालपासून ओला बर्फ पडतोय आणि पडल्या पडल्या त्याचा चिखल होतोय. तुमच्याकडे समुद्राचा वारा सुटला असेल. यार्कोच्या धाकट्याचे कान बरे झाले का? तू कळवलं नव्हतंस, आईने फोनवर सांगितलं.

आता मुद्द्याचं. नाही. मी ते काढणार नाही.

तुझ्या जावयाने इंटरनेटवरची चार पानं छापून तुला आणून दिली आणि ती वाचून तुला रात्रभर झोप आली नाही, असं तू लिहिलंस. यार्को प्रार्थनागृहात उपदेश करतो, त्याला दुसऱ्यांच्या झोपेची काळजी असायला हवी होती. पण पानं आणलीच आहेत, तर ती कुठून आली तेही ऐक. त्याने तुला अर्धवटच सांगितलं असणार.

आमचा एक गट आहे. नाव ‘खरखर’. चारशे बारा माणसं, सगळी आपापल्या घरी संगणकापुढे बसलेली. आम्हाला जुनी गाणी आणि जुने सिनेमे आवडतात. गाजलेले नव्हेत, त्यांना विचारणारे पुष्कळ आहेत. कुणालाच आठवत नाहीत असे. ज्या गायिकेची एकच तबकडी निघाली आणि पुढे तिचं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही, तिच्यासाठी आमच्यातला एखादा माणूस तीन महिने जुनी वर्तमानपत्रं चाळत बसतो. तुला हा रिकामा उद्योग वाटेल. वाटू दे. नवरा गेल्यावर सहा वर्षं मी याच माणसांबरोबर सकाळची कॉफी घेते. त्यातल्या एकालाही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, आणि माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला सर्वांत जास्त पत्रं त्यांचीच आली. तुझं आलं नव्हतं.

त्यात टॉर्स्टन नावाचा एक स्वीडिश म्हातारा आहे. जन्मभर जहाजावर बिनतारी यंत्र सांभाळलं त्याने. मार्चमध्ये स्वीडनमधल्या येव्लेच्या बाजूला कुणाचं तरी घर रिकामं करत होते, तिथे त्याला एका खोक्यात लाखेची एक तबकडी मिळाली. फिनिश गाणं, १९५१ सालचं, गायिका मिर्या सालो. हे नाव कुठल्याही यादीत नव्हतं. त्याने तबकडी साबणाच्या पाण्याने धुतली, वाजवली आणि गटात टाकली. खाली लिहिलं, ‘ही कोण?’

मी ती सकाळी साडेआठला ऐकली. हातात पावाचा तुकडा होता, तो तसाच राहिला. दुसऱ्या कडव्यात ती बाई श्वास जरा उशिरा घेते आणि पुढचा शब्द धावत पकडते. तो श्वास मला पाठ होता.

दोन महिने मी गटात काही बोलले नाही. लोक वाद घालत होते. कुणी म्हणे ही एक नावाजलेली गायिकाच आहे, करार मोडायला नको म्हणून खोटं नाव घेतलंय. कुणी म्हणे ही तर मेली असणार तरुणपणीच, नाहीतर अशा आवाजाची बाई एका तबकडीवर थांबते का? ते ‘मेली असणार’ माझ्याने बघवेना. मे महिन्यात मी लिहिलं की ही साइमी अहोला, लग्नाआधी इथल्या सूतगिरणीत कामाला होती, शनिवारी नाचाच्या बॅंडबरोबर गायची, ती ब्याण्णव वर्षांची आहे, कोक्कोलाच्या वृद्धाश्रमात राहते आणि ती माझी आई आहे.

त्या दिवशी काय झालं ते तुला सांगून समजणार नाही. चारशे माणसं एकाच वेळी उठून उभी राहिल्यासारखं वाटलं मला. मग वीब्के म्हणून ओल्डेनबुर्गची एक औषधविक्रेती आहे, तिला सिनेमांचं वेड. तिने चार दिवस खपून एक अगदी सुमार फिनिश सिनेमा शोधून काढला. सगळा सिनेमा एका हरवलेल्या घोड्याबद्दल आहे. पण त्यात तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवात एक मुलगी चाळीस सेकंद गाते. खांदे उघडे, केस बांधलेले, आणि गाता गाता ती अ‍ॅकॉर्डियनवाल्याकडे बघून हसते. आपली आई, हेल्का. तू तिला असं हसताना कधी पाहिलंस? मी नाही.

तू लिहितेस की तुमच्यात नाचगाणं पाप मानतात, तिने त्याबद्दल प्रार्थनागृहात सगळ्यांसमोर माफी मागितली आहे, आणि माफ झालेली गोष्ट उकरून काढणं हे पाप आहे. मला ती माफी चांगली आठवते. प्रार्थनागृहातले दोन वडीलधारे घरी कॉफीला आले होते. आईने त्यांच्यासमोर तबकडी गुडघ्यावर मोडली आणि तुकडे चुलीत घातले. लाख जळल्याचा वास आठवडाभर स्वयंपाकघरातून गेला नव्हता. पुढच्या रविवारी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. मी नऊ वर्षांची होते. ज्याला तुम्ही माफी म्हणता, ते मी पाहिलंय.

आणि तुझी अट. नाताळाआधीच्या पहिल्या आगमन-रविवारच्या आत काढलं नाहीस तर आईला भेटायला येऊ नकोस म्हणे. आई ब्याण्णव वर्षांची आहे. तिच्या खोलीत कुणी यायचं ते तिला विचार, यार्कोला नको.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, ‘त्या पानावर एक गोष्ट खरी नाही, आणि ते तुला माहीत आहे.’ त्याबद्दल मग कधीतरी. आज पत्र लांबलंय.

काळजी घे. जिन्यावर मीठ टाकत जा.

इर्मेली

---

ताम्पेरे, २४ नोव्हेंबर २०२३

हेल्का,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच, चुलीत घालायचं असेल तर त्यानंतर घाल.

मी काल आईकडे जाऊन आले. तुला न कळवता, सकाळच्या गाडीने. तू मंगळवारी जातेस हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम गुरुवार निवडला. म्हणजे मी तुला घाबरले असं समजू नकोस. मला आईशी एकटीने बोलायचं होतं, एवढंच.

तिची तब्येत ठीक आहे. ऐकायला कमी येतं, पण उजव्या कानाशी यंत्र लावलं की सगळं येतं. मी वेलचीचा पाव नेला होता. तिने अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधला आणि मग विचारलं की एवढ्या चिखलात तू काही पाव द्यायला आलेली नाहीस, काय झालंय?

मी तिला काही आडून सांगितलं नाही. तुझी तबकडी सापडली आहे म्हटलं, येव्लेजवळ, एका खोक्यात. ती म्हणाली, बरोबर आहे, तिथे कामाला गेलेल्या मैत्रिणीला तिने एक दिली होती. एवढंच. जणू मी विसरलेली छत्री आणून दिली. मग मी फोनवर ते गाणं लावलं आणि तिच्या कानाशी धरलं.

हेल्का, मी वाटेत पुष्कळ कल्पना केल्या होत्या. ती रडेल, चिडेल, बंद कर म्हणेल. तिने पहिलं कडवं ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, “हे फार जोरात पळतंय. मी इतकी चिरकी नव्हते.”

मला कळेना. मग तिने समजावलं. त्या स्टुडिओतलं मुद्रणाचं यंत्र मंद चालायचं, सगळ्या वादकांना ते ठाऊक होतं. मंद यंत्रावर घेतलेली तबकडी घरच्या नीट चालणाऱ्या यंत्रावर लावली की आवाज वर चढतो आणि गाणं पळत सुटतं. अ‍ॅकॉर्डियनवाल्याने तेव्हाच स्टुडिओच्या मालकाशी भांडण केलं होतं. “बहात्तर वर्षं मी अशी कोंबडीसारखी वाजतेय?” ती म्हणाली. “त्यांना सांग, वेग कमी करा. नाहीतर काढून टाका.”

म्हणजे आपण दोघी भांडत होतो ठेवायचं की काढायचं यावर, आणि बाईची तक्रार वेगाची.

मी तिला तुझं म्हणणं सांगितलं, जसंच्या तसं, माफीचंसुद्धा. तुझ्या बाजूने जितकं नीट सांगता येईल तितकं सांगितलं, शपथेवर. तिने रुमालाची गाठ सोडून परत बांधली. मग जे म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत लिहिते.

“मी उभी राहून सांगितलं की मला पश्चात्ताप झालाय. झाला नव्हता. गाण्याचा मला एक दिवसही झाला नाही. देवासमोर खोटं बोलले त्याचा झाला, आणि तो अजून आहे. हेल्काला सांग, ते गाणं आहे तिथे राहू दे. आणि खाली माझं नाव घाला, त्या मिर्याचं नको.”

इथपर्यंत मी जिंकलेली होते. पत्र इथेच संपवता आलं असतं आणि तुला हे वाचून राग आला असता, त्यातही मला बरं वाटलं असतं. पण ती थांबली नाही. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “तबकडीचं त्या वेळी हेल्काने सांगितलं, पोर होती, बारा वर्षांची. मी मात्र दोन वर्षं तिच्याशी धड बोलले नाही. तिच्या लग्नातही मनात ती अढी होतीच. मी जाईन आता केव्हाही. तू तिला सांग की मी काही धरून ठेवलेलं नाही.”

आता मला लिहायला हवं. मी दोनदा उठून कॉफी केली, आता तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही.

दुकानवाल्या लेम्पीकडे ग्रामोफोन होता, आठवतो ना? माळ्यावरच्या पेटीत तबकडी मला सापडली होती. मी ती स्वेटरखाली लपवून लेम्पीकडे नेली आणि आम्ही ती तीनदा ऐकली. लेम्पी रडली आणि म्हणाली, कुणाला सांगू नकोस. मी परत जागच्या जागी ठेवली. पुढच्या रविवारी बायबलच्या वर्गात बाईंनी विचारलं, देवाने तुमच्या आईला काय देणगी दिली आहे? कुणी म्हणालं पाव भाजण्याची, कुणी म्हणालं विणण्याची. मी हात वर केला आणि म्हणाले की माझ्या आईचा आवाज तबकडीवर आहे. मला वाटलं, सगळ्यांत मोठी देणगी आपल्याच घरात आहे. हेल्का, मी चहाडी केली नव्हती. मी फुशारकी मारली होती. पण ती मी मारली होती, तू नाही.

बाईंनी वडीलधाऱ्यांना सांगितलं की ‘अहोलाच्या मुलीने’ सांगितलं. कुठल्या, ते म्हणाल्या नाहीत, आणि पुढे त्यांना कुणी विचारलंही नाही. संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, दोघींतली कोण? मी काही बोलले नाही. खोटंही बोलले नाही. मी फक्त तुझ्याकडे बघितलं. बाबांनी माझ्या नजरेमागे बघितलं, मग आईने बघितलं. तू म्हणालीस, मला यातलं काही ठाऊक नाही. बाबांना वाटलं हा तुझा विनय. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, या घरात एक तरी खरं बोलणारं माणूस आहे. आईने हातातला डाव खाली ठेवला आणि बाहेर गोठ्यात गेली.

न केलेल्या गोष्टीची शाबासकी तुला मिळाली आणि त्याबद्दल आईचा अबोलाही तुलाच. प्रार्थनागृहात सगळे तुला ‘ती खरी मुलगी’ म्हणायला लागले आणि तू तशीच होत गेलीस, दुसरं काय करणार होतीस? मी एकोणिसाव्या वर्षी ताम्पेरेला निघून आले आणि तुम्हा सगळ्यांना संकुचित म्हणत राहिले. मला तिथून पळायला सोपं होतं. तिथे उभी राहायला तू होतीस.

आणि मे महिन्यात मी ‘खरखर’वर आईची हकिगत लिहिली तेव्हा तबकडी कशी फुटली तेही लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘मोठ्या मुलीने अजाणतेपणी सांगून टाकलं.’ मी ते लिहिताना थांबलेसुद्धा नाही. अठ्ठावन्न वर्षांत ते मला इतकं पाठ झालं होतं. तुझी झोप उडाली ती सिनेमातल्या उघड्या खांद्यांमुळे नव्हती, हे मला तुझं पत्र उघडताक्षणी कळलं होतं. म्हणून मी तुला सहा पानं गाण्याबद्दल आणि सिनेमाबद्दल लिहिली.

आईला मी काल सांगितलं. तिने माझा हात सोडला. विचारलं, अठ्ठावन्न वर्षं? मी हो म्हटलं. नर्स चहा ठेवून गेली, तो तिने बाजूला सारला. शेवटी म्हणाली, “मला काय सांगतेस? तिला सांग. आणि जिथे लिहिलंस तिथेही लिही.”

लिहिलं. घरी पोचल्यावर कोटही न काढता लिहिलं. ते वाक्य नुसतं पुसलं नाही, पुसणं सोपं होतं. खाली वेगळं लिहिलं की हे खोटं होतं, सांगणारी मी होते, आणि माझ्या बहिणीने, हेल्काने, ते माझ्याऐवजी सोसलं. चारशे बारा माणसांसमोर. म्हणजे बघ, तुमच्या पद्धतीने मीही एकदा उभी राहिले, फक्त मला पश्चात्ताप खरोखरच झालेला होता.

टॉर्स्टनने लिहिलं की त्याला एक भाऊ आहे, त्याला तो उद्या फोन करणार आहे. वीब्केने काही लिहिलं नाही, तिला माझा राग आला असावा. बरोबर आहे.

आता तुझ्या अटीबद्दल. माझं उत्तर तेच आहे. गाणं राहील. सिनेमाही राहील. माझी चूक कबूल केली म्हणून आईचा आवाज परत चुलीत घालायला मी तयार नाही, आणि तू त्या दोन्हींची गाठ मारलीस तर मी ती सोडवीन. टॉर्स्टन वेग दुरुस्त करतोय. शनिवारी ९ डिसेंबरला दुपारी तीन वाजता वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत आम्ही ते दुरुस्त गाणं लावणार आहोत, बाकीचे आपापल्या घरून ऐकतील. आईने स्वतः संचालकबाईंची परवानगी काढली आहे. तू ये. यार्कोला आणायचं असेल तर आण, तो ऐकून बिघडणार नाही.

नाही आलीस तरी ते तीनलाच सुरू होईल.

इर्मेली

---

ताम्पेरे, ११ डिसेंबर २०२३

प्रिय हेल्का,

पोचले. गाडी सेइनायोकीला चाळीस मिनिटं अडकली होती, त्यापलीकडे काही नाही. तू दिलेली बटाट्याची भाकरी वाटेतच संपवली.

तू दारात दिसलीस तेव्हा मी टॉर्स्टनशी फोनवर बोलत होते आणि काय बोलत होते ते विसरले. त्याने नंतर विचारलं, तुझी बहीण आली का? मी म्हटलं, आली, कोट घालून मागच्या रांगेत बसली आहे, कॉफी नको म्हणतेय. तो म्हणाला, कोट घालून का होईना.

आईचा आवाज एवढा खाली असेल असं मला वाटलं नव्हतं. वेग कमी झाल्यावर ती मुलगी राहिलीच नाही. सावकाश, जड, एक मोठी बाई गात होती, आणि तो उशिराचा श्वास आता उशिराचा वाटतच नव्हता. तिने ठरवून घेतलेला होता. मी सगळा वेळ आईकडे बघत होते, म्हणून तू काय करत होतीस ते मला दिसलं नाही. नर्सने सांगितलं की तू चष्मा पुसत होतीस. ती म्हणते म्हणून लिहिलं, तुझ्या तोंडून वदवून घेत नाही.

गाणं संपल्यावर आईने तुला पुढे बोलावलं आणि तुझ्या कानात काहीतरी सांगितलं. ते मी विचारणार नाही. तू तिच्या शेजारी अर्धा तास बसलीस आणि मी गटातल्या लोकांचे निरोप मोठ्याने वाचत राहिले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग बाहेर गाड्या लावतात तिथे तू मला जे सांगितलंस, ते मी गाडीत बसून पुन्हा पुन्हा मनात म्हटलं. “मी तुला माफ केलं असं कुठे लिहू नकोस. मी केलेलं नाही. पुढे करीन की नाही मला माहीत नाही.” आणि दरवाजा लावता लावता, “गाणं राहू दे. माझं नाव त्या पानावर नको.”

तुझं नाव काढलं आहे. ‘माझी बहीण’ एवढंच ठेवलंय, तेही नको असेल तर कळव. तबकडीखाली आता साइमी अहोला असं लिहिलं आहे. खाली जपानमधल्या एका गृहस्थाने लिहिलं की त्याने हे गाणं सकाळपासून अकरा वेळा ऐकलं. यार्कोला हे छापून दे.

माफीबद्दल मी तुला विचारणार नाही. प्रार्थनागृहात तुम्ही ती एका वाक्यात मागता आणि एका वाक्यात देता, माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही, आणि शनिवारी कळलं की तुझाही बसलेला नाही. त्या एका गोष्टीत आपण बहिणी शोभतो. तू रागावलेली राहा. तो राग तुझा आहे आणि तो अठ्ठावन्न वर्षं चुकीच्या पत्त्यावर पडून होता, आता बरोबर माणसाकडे आला आहे.

मी यापुढे दर गुरुवारी आईकडे जाणार आहे. तू मंगळवारी जा. पण एखाद्या गुरुवारी तू तिथे बसलेली दिसलीस, तर मी दारातून परत फिरणार नाही. हे आधीच सांगून ठेवते.

काही सूट न मागता,
तुझी धाकटी बहीण
इर्मेली